टर्कीच्या पाठीवरचे खोगीर

घोड्याच्या पाठीवरचे खोगीर आपल्या ओळखीचे आहे. पण पक्ष्याच्या पाठीवर खोगीर असते, असे कधी ऐकले आहे का? १९३० च्या दशकात अमेरिकेतले टर्कीपालक विणीचा हंगाम जवळ आला की टर्कीच्या माद्यांच्या पाठीवर जाड कॅनव्हासचे तुकडे बांधत. पट्टे पंखांखालून घ्यायचे, पाठ आणि दोन्ही कुशी झाकायच्या आणि मग मादीला कळपात सोडायचे. या खोगिरावर चढणारा स्वार म्हणजे टर्कीचा नर. घोड्याचे खोगीर स्वाराच्या सोयीसाठी असते, हे मात्र स्वारापासून बचाव व्हावा म्हणून होते. मीलनाच्या वेळी नराच्या नखांनी मादीची पाठ आणि कूस फाटू नये, एवढाच त्याचा उद्देश.

आता गंमत पाहा. रानातले पक्षी लक्षावधी वर्षे मीलन करत आले आहेत आणि त्यांच्या माद्यांना कधी खोगीर लागले नाही. मग माणसाने पाळलेल्या मादीलाच ते का लागावे? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर कृत्रिम निवड म्हणजे काय, ती कोणते दार उघडते आणि कोणते बंद करते, हे समजायला मदत होते.

पाठीवर नेमके काय घडते?

कोंबडा-कोंबडीचे मीलन काही सेकंदांत संपते. या पक्ष्यांमध्ये नराला सस्तन प्राण्यांसारखे बाह्य जननेंद्रिय नसते. नर आणि मादी दोघांनाही अवस्कर नावाचे एकच द्वार असते. उत्सर्जन आणि प्रजोत्पादन ही दोन्ही कामे तेच करते. दोघांची अवस्करे क्षणभर एकमेकांना टेकली की वीर्य मादीच्या शरीरात जाते. हे जमण्यासाठी कोंबड्याला कोंबडीच्या पाठीवर उभे राहावे लागते. तो चोचीने तिच्या मानेची पिसे किंवा तुरा धरतो, पाय पाठीवर रोवतो, तोल सावरण्यासाठी ते हलवत राहतो आणि शेवटी शेपटी खाली वाकवतो. टर्कीचा नर तर कोंबड्यापेक्षा जास्त वेळ मादीच्या पाठीवर पाय हलवत उभा असतो.

या पाय हलवण्याने आधी पाठीवरची पिसे मोडतात. पूर्ण वाढलेले पीस म्हणजे आपल्या नखाच्या टोकासारखी निर्जीव वस्तू. मोडलेले पीस आपोआप सांधत नाही, पुढच्या वेळी पिसे झडून नवी येईपर्यंत ती जागा उघडी राहते. पिसांखालची कातडी पातळ असते. नख किंवा पायामागचा टोकदार काटा लागला की ती चिरते. कुशीवरची जखम पंखाखाली झाकलेली असल्याने पुष्कळदा लवकर लक्षातही येत नाही. आणि रक्त दिसले की कळपातले इतर पक्षी नेमके तिथेच टोचू लागतात. खोगीर ही साखळी पहिल्याच कडीला तोडते.

म्हणजे इजा किती होणार हे चार गोष्टींवर ठरते: नराचे वजन, त्याची नखे व काटे, एकाच मादीवर तो किती वेळा चढतो, आणि मादी त्या वेळी राजी आहे की जीव घेऊन पळते आहे. या चार गोष्टी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवतीच फिरतो.

रानकोंबड्याचा नाच

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, असे डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे जनुकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही त्यात थोडा वाटा आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, हे २००८ साली सिद्ध झाले.

तांबडा रानकोंबडा साधारण एक किलोचा, कोंबडी त्याहून हलकी. कोंबडा एकदम झडप घालत नाही. आधी दाणा किंवा किडा सापडला की विशिष्ट आवाज काढून तो कोंबडीला बोलावतो, दाणा उचलून पुन्हा टाकतो. मग एक पंख जमिनीकडे झुकवून तिच्याभोवती अर्धगोल फेर धरतो. कोंबडी राजी असेल तर पाय मुडपून, पंख किंचित पसरून खाली बसते. असे बसल्याने पाठ सपाट होते, तिला तोल सांभाळता येतो आणि कोंबड्यालाही पाय घट्ट रोवावे लागत नाहीत. राजी नसेल तर ती चालू लागते. हा नाच म्हणजे नुसती शोभा नव्हे, दोघांमधली ती एक विचारपूस आहे.

कोंबडीची बाजू एवढ्यावरच संपत नाही. टॉमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, कळपातल्या खालच्या दर्जाच्या नराने जबरदस्ती केली, तर कोंबडी पुष्कळदा त्याचे वीर्य लगेच बाहेर टाकून देते. शिवाय कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. एका मीलनानंतर दोन-तीन आठवडे तिला फलित अंडी घालता येतात. टर्कीच्या मादीत तर ही मुदत दहा आठवड्यांपर्यंत जाते. थोडक्यात, फलित अंड्यांसाठी रोज पाठीवर नर चढण्याची मुळी गरजच नसते.

सर्वांत जुना उपाय

पाळीव कळपात कोंबडी लांब पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे किती कोंबड्यांमागे किती कोंबडे ठेवायचे हे माणसाला ठरवावे लागते. रोमन लेखक कोलुमेला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात घरगुती जातीच्या एका कोंबड्यामागे पाच कोंबड्या असे प्रमाण तो देतो. ऱ्होड्स बेटाच्या आणि मिडियाच्या जाती मात्र अंगाने जड, त्यांचे कोंबडे मंद आणि कोंबड्याही कमी प्रसवणाऱ्या, म्हणून तिथे एकामागे तीनच कोंबड्या ठेवाव्यात असे त्याने म्हटले आहे. त्याच्यासमोर प्रश्न पिल्लांचा होता, कोंबडीच्या पाठीचा नव्हता. पण वजन वाढले की मीलन अवघड होते, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी एका जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेस आली होती, हे नोंद घेण्याजोगे आहे.

आज परसातल्या कोंबड्यांसाठी साधारण आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरेसा मानतात. आपल्या खेड्यांतही एखादाच कोंबडा राखतात, बाकीचे बाजारात किंवा रश्श्यात जातात. हा उपाय स्वस्त, सोपा आणि बऱ्याच अंशी पुरेसा आहे. तो अपुरा पडू लागला, तो पक्ष्यांची शरीरेच बदलल्यावर.

छाती रुंदावली

टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत तो माणसाळला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी युरोपात नेला. आपल्याकडे त्याची एक सुरेख नोंद आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून दुर्मिळ वस्तू आणि प्राणी खरेदी करून बादशहा जहांगीरला नजर केले. त्यांत टर्की होता. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो टर्की अंगाने सडसडीत, रानातल्या नातलगांपासून फार दूर न गेलेला होता.

खरा बदल विसाव्या शतकात झाला. १९२० च्या दशकात जेसी थ्रॉसेल नावाच्या टर्कीपालकाने इंग्लंडमधून रुंद छातीचे टर्की कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणले. १९३० च्या दशकात हे पक्षी अमेरिकेच्या वायव्य भागात पोचले. तिथल्या पक्ष्यांशी संकर होऊन ‘ब्रॉड ब्रेस्टेड ब्राँझ’ ही जात रूढ झाली. गिऱ्हाइकाला छातीचे मांस हवे होते. ज्याची छाती सर्वांत भरदार तोच पुढच्या पिढीचा बाप, असे पिढ्यान्‌पिढ्या होत गेले.

छाती रुंदावली तसे नराचे वजन वाढले, पाय एकमेकांपासून दूर गेले आणि शरीराचा तोल पुढे झुकला. असा नर मादीच्या पाठीवर चढला की घसरतो, घसरताना नखे रोवतो, आणि ती नखे मादीच्या कुशीवरून ओढली जातात. अवस्करे टेकायला हवीत तिथे टेकत नाहीत. म्हणजे एकाच कारणाचे दोन परिणाम झाले: माद्या जखमी होऊ लागल्या आणि फलित अंड्यांचे प्रमाण घसरले. नरांची नखे कापून गुळगुळीत करणे आणि माद्यांना खोगीर बांधणे हे उपाय याच काळात सर्रास होऊ लागले. खोगिराने पाठ वाचली, पण अंडी फलित होण्याचा प्रश्न तसाच राहिला.

एकाच आवारातली दोन उत्तरे

इथून पुढची गोष्ट घडते ती अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेती संशोधन केंद्रात. तिथे बरोज आणि क्विन या दोन शास्त्रज्ञांनी १९३५ साली कोंबड्याचे वीर्य गोळा करण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. १९३७ साली त्यांनी ती टर्कीसाठीही दाखवून दिली. नराच्या पाठीला आणि पोटाला विशिष्ट प्रकारे चोळायचे, अवस्कराभोवती हलका दाब द्यायचा आणि बाहेर येणारे वीर्य लहानशा भांड्यात घ्यायचे. मादीच्या पोटाला डाव्या बाजूने दाब दिला की अंडनलिकेचे तोंड बाहेर येते. त्यात बारीक नळीने वीर्याचा एक छोटा थेंब सोडला की काम झाले. कृत्रिम रेतनाची हीच रीत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहे.

त्याच आवारात १९३४ पासून दुसरे एक काम चालू होते. लहान कुटुंबाच्या भट्टीत आणि शीतकपाटात मावेल असा छोटा, पांढरा, तरीही भरल्या छातीचा टर्की तयार करायचा होता. स्टॅन्ली मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जातींच्या संकरातून ‘बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट’ ही जात घडवली. १९५१ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. तिच्या नराला स्वतः मीलन करता येत असे.

एकाच केंद्राने एकाच काळात देशापुढे ठेवलेली ही दोन उत्तरे पाहा. पहिले उत्तर सांगत होते: पक्षी कितीही मोठा होऊ द्या, मीलनाचे काम आपण हातांनी करू. दुसरे उत्तर सांगत होते: पक्षीच असा ठेवा की त्याचे काम तो स्वतः करील. १९५० च्या दशकात छोटा पांढरा टर्की चांगला खपला. पण मांस कापून, तुकडे करून विकणाऱ्यांना मोठे धूड हवे होते. १९७० च्या दशकापर्यंत ही जात जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्या पिसांचे, रुंद छातीचे अवाढव्य टर्की सर्वत्र पसरले आणि त्यांची पैदास कृत्रिम रेतनानेच होऊ लागली.

सुटलेला लगाम

याचा उत्क्रांतीच्या दृष्टीने अर्थ काय? निसर्गात, आणि साध्या पशुपालनातही, एक लगाम आपोआप काम करत असतो. जो नर इतका जड झाला की त्याला मीलन जमत नाही, त्याची संतती होत नाही. त्याची फाजील रुंद छाती त्याच्याबरोबरच संपते. माणूस मोठ्या छातीसाठी निवड करत असतो आणि हा लगाम ती निवड एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही.

खोगिराने हा लगाम थोडा सैल केला, कारण जखमी होणारी मादी आता कळपात टिकू लागली. कृत्रिम रेतनाने तो पुरता सोडला. नराला चढता येते का, हा प्रश्नच निवडीतून बाद झाला. १९३० च्या सुमारास अमेरिकेत बाजारात येणारा टर्की सरासरी ६ किलोचा होता. आज ती सरासरी १४ किलोच्या पुढे गेली आहे. १९८९ साली लंडनमधल्या एका स्पर्धेतल्या नराचे वजन ३९ किलो भरले. आज बाजारासाठी पाळला जाणारा रुंद छातीचा टर्की माणसाच्या मदतीवाचून आपली पुढची पिढी निर्माण करू शकत नाही. मादीच्या पाठीवरच्या जखमा संपल्या हे खरे, पण त्या नर-मादीची भेटच बंद झाल्यामुळे संपल्या. त्या बदल्यात मादीला साधारण दर आठवड्याला पकडून, उलटी धरून रेतन करावे लागते.

मोठ्या शरीरामागोमाग आणखीही बदल येतात. एका गुणासाठी निवड केली की त्याच्याशी निगडित दुसरे गुणही नकळत बदलतात, हे डार्विनने १८५९ सालीच सांगितले होते. टर्कीपालकांनी छाती मागितली. त्यांना छाती मिळाली आणि तिच्याबरोबर न मागितलेले पुष्कळ काही मिळाले.

वजन नव्हे, वागणूक

कोंबड्यांच्या बाबतीत गोष्ट थोड्या वेगळ्या वळणाने गेली. मांसाच्या कोंबड्यांची वेगवान निवड दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९५७ सालच्या वाणाची पिल्ले ५६ दिवसांत सुमारे ९०० ग्रॅमची होत. २००५ सालच्या वाणाची तेवढ्याच दिवसांत ४,२०० ग्रॅमची झाली. हा फरक कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी दोन्ही वाण एकाच खाद्यावर, शेजारी शेजारी वाढवून मोजला. ब्रॉयलरच्या आईबापांचे मीलन मात्र बहुतेक ठिकाणी अजून नैसर्गिकच होते. त्यांना मोजून, कमी खाद्य दिले जाते, नाहीतर ते बेसुमार जड होतील.

या कळपांतल्या कोंबड्यांच्या पाठी आणि मांड्या फाटलेल्या दिसत. नर चाल करून येत, माद्या उंच फळ्यांवर चढून बसत. सुरुवातीला सोपी स्पष्टीकरणे पुढे आली. हे नर जास्त भांडकुदळ असतील, किंवा भुकेने चिडलेले असतील. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात सुझान मिलमन आणि इयन डंकन यांनी ही स्पष्टीकरणे पारखून पाहिली. त्यांनी ब्रॉयलर वाणाचे कोंबडे, अंड्यांच्या वाणाचे कोंबडे आणि झुंजीसाठी जोपासलेल्या जातीचे कोंबडे यांची तुलना केली. २००० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. झुंजीचे कोंबडे दुसऱ्या नरांवर तुटून पडत, पण कोंबड्यांशी तसे वागत नसत. ब्रॉयलरचे नर मात्र कोंबड्यांवरच हल्ला करत. त्यांच्यात प्रणयाराधन कमी आणि जबरदस्ती जास्त होती. कमी खाद्य हेही त्याचे कारण ठरले नाही.

म्हणजे नरांशी भांडण्याची वृत्ती आणि मादीला इजा करण्याची वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढीच्या वेगासाठी चाललेल्या निवडीत पंख झुकवून फेर धरण्याकडे कोणीच पाहिले नव्हते. त्या विचारपुशीचा बाजारभाव शून्य होता. ती विरळ झाली तेव्हा पहिल्यांदा तिची किंमत कळली, आणि ती कोंबडीच्या पाठीवर मोजावी लागली.

वर्गाबाहेरचा एक अभ्यास

हा विषय वर्गात घेण्यासाठी टर्कीची गरज नाही. गावात परसातल्या कोंबड्या असतील तर विद्यार्थ्यांना आठवडाभर निरीक्षण करायला सांगा. प्रत्येक कळपात नर किती, माद्या किती? कोंबड्या गावठी आहेत की संकरित? कोणाच्या पाठीवरची पिसे मोडली आहेत? सगळ्यांच्या, की कोंबड्याच्या एक-दोन आवडत्या कोंबड्यांच्याच? कोंबडा आधी पंख झुकवतो का? कोंबडी खाली बसते की पळते? दोन-तीन कळपांचे तक्ते शेजारी ठेवले की चर्चेला पुष्कळ खाद्य मिळेल.

एखाद्या कोंबडीची पाठ उघडी पडलेली दिसली तर मालकाला सांगता येण्याजोगे उपायही आहेत. जादा कोंबडे कमी करावेत किंवा वेगळे ठेवावेत. कोंबड्याच्या नखांची टोके, आतली रक्तवाहिनी टाळून, कापून घासावीत. कोंबड्यांना पळायला आणि चढून बसायला जागा द्यावी. जखम झाली असेल तर ती भरेपर्यंत त्या कोंबडीला कोंबड्यापासून दूर ठेवावे. मग हवे तर सुती कापडाचे खोगीर शिवावे, मात्र त्याखाली उवा होत नाहीत ना, हे अधूनमधून उचलून पाहायला हवे.

वरच्या इयत्तेतल्या विद्यार्थ्यांपुढे एक तक्ता मांडा. डाव्या बाजूला चार उपाय लिहा: नर-माद्यांचे प्रमाण, खोगीर, कृत्रिम रेतन, लहान जातीची निवड. उजवीकडे दोन रकाने आखा. एकात, या उपायाने आजच्या मादीची जखम टळते का? दुसऱ्यात, या उपायाने पुढच्या पिढीचा नर अधिक जड होण्याला आळा बसतो का? दुसरा रकाना भरताना विद्यार्थी अडखळतील, वाद घालतील. त्यांना घालू द्या.